उंच केलेल्या पिकअपचे मागचे सस्पेन्शन: दोष शोधण्याची क्रमवार पद्धत

इंदूरहून महूमार्गे मंडलेश्वरला निघाले की जामगेटपाशी माळव्याचे पठार संपते आणि रस्ता वळणे घेत निमाडात उतरू लागतो. परतीच्या वाटेवर हाच घाट चढताना माझ्या पिकअपच्या मागच्या बाजूने, क्लच सोडताक्षणी, एकदाच पण स्पष्ट असा ‘ठक्’ आवाज येऊ लागला. गाडी दोन महिन्यांपूर्वीच मागून 50 मिलिमीटरने उंच केलेली होती, म्हणून मी आधी शॉकअपवर संशय घेतला आणि दोन्ही शॉकअप बदलले. आवाज तसाच राहिला. शेवटी आमच्या गल्लीतल्या एका काकांना, ज्यांनी उभे आयुष्य ट्रकच्या कमानी बांधण्यात घालवले आहे, गाडी दाखवली. ते खाली वाकले, कमान आणि अॅक्सल यांच्या मधल्या ठोकळ्यावर बोट फिरवले आणि म्हणाले, “कमान चांगली आहे रे, पकड गेली आहे. आधी पकड बघायची, मग आवाजाच्या मागे लागायचं.”

त्या दिवसापासून मी जी पद्धत पाळतो ती येथे क्रमाने मांडत आहे. ती प्रामुख्याने पानांच्या कमानीवर, म्हणजे पाट्यांच्या जुडग्यावर उभ्या असलेल्या पिकअपसाठी आहे. इसुझु व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स, बोलेरो कॅम्पर या गाड्या त्याच घडणीच्या आहेत. कॉइल स्प्रिंगच्या गाड्यांविषयी पुढे थोडक्यात लिहिले आहे.

आधी गाडी कशाने उंच झाली ते जाणून घ्या

मागची उंची साधारणपणे चार मार्गांनी वाढवली जाते: कमान आणि अॅक्सल यांच्यामध्ये ठोकळा घालून, जुडग्यात एक जादा पाटा वाढवून, शॅकल (कमानीचे मागचे टोक चेसिसला जोडणारी झुलती पट्टी) लांब करून, किंवा अधिक वक्र असलेली संपूर्ण नवी कमान बसवून. प्रत्येक मार्गाचे दोष वेगळे असतात, त्यामुळे हे ठाऊक नसताना दोष शोधणे म्हणजे अंधारात सुई शोधण्यासारखे आहे. ठोकळ्याने उंची मिळते, परंतु अॅक्सलला पिळण्यासाठी तेवढाच लांब तरफेचा हातही मिळतो. जादा पाट्याने कमान ताठ होते आणि रिकामी गाडी उसळते. लांब शॅकल अॅक्सलपाशी स्वतःच्या वाढीच्या सुमारे निम्मीच उंची देते, म्हणजे 50 मिलिमीटरने लांब शॅकल लावली तर गाडी जवळपास 25 मिलिमीटरच उचलली जाते. शिवाय कमानीचे मागचे टोक खाली गेल्याने डिफरेन्शियलचे नाक, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सचा जोर मागे नेणारा दांडा) जेथे जोडला जातो ते पुढचे टोक, वर फिरते. नवी, योग्य वक्राची कमान हा सर्वांत महाग मार्ग आहे आणि माझ्या मते दीर्घकाळ वापरासाठी तोच सर्वांत निर्धोक आहे. एकावर एक असे दोन ठोकळे कोणी बसवले असतील, तर पुढची कोणतीही तपासणी करण्याआधी ते काढून टाकावेत.

गाडीखाली जाण्यापूर्वी

काम पक्क्या काँक्रीटवरच करावे. आपल्याकडची काळी माती वरून कितीही घट्ट दिसली तरी एका पावसानंतर तिच्यात जॅक तिरपा रुततो, आणि उंच केलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य वर गेलेला असल्याने ती अधिक सहज कलंडते. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी लावावी, गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवावी आणि जॅकच्या भरवशावर शरीराचा कोणताही भाग गाडीखाली नेऊ नये. चाके लोंबती हवी असतील तर घोड्या चेसिसखाली लावाव्यात आणि कमानीवर भार ठेवायचा असेल तर अॅक्सलखाली. हा भेद पुढे अनेकदा लागेल. यू-बोल्ट (कमान अॅक्सलला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट) सैल करायचे असतील तर चेसिस घोड्यांवर आणि अॅक्सल स्वतंत्र जॅकवर, असा दुहेरी आधार आवश्यक आहे.

मापे घ्या आणि लिहून ठेवा

सपाट जागी, टायरमध्ये योग्य हवा भरून, गाडी रिकामी ठेवून चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. जमिनीपासून मोजल्यास टायरचा फरक मापात मिसळतो, म्हणून हबपासूनच मोजणे योग्य. डाव्या-उजव्या बाजूंत 10 मिलिमीटरपर्यंतचा फरक मी सोडून देतो, त्याहून जास्त फरकाचे कारण मात्र शोधतो.

त्यानंतर कमानीच्या पुढच्या डोळ्याचा (टोकाच्या गोल वळीचा) बोल्ट आणि अॅक्सलचा मध्य यांतील अंतर दोन्ही बाजूंनी घ्यावे. दोन्ही ठिकाणांहून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खूण केली तर हे माप पट्टीने अचूक घेता येते. दोन बाजूंत 5 मिलिमीटरहून अधिक फरक आढळला, तर अॅक्सल जागेवरून सरकला आहे असे धरून चालावे. गाडी सरळ रस्त्यावर तिरपी पळत असेल आणि स्टिअरिंग किंचित वळवून धरावे लागत असेल, तर त्याचे मूळ बहुधा याच फरकात सापडते.

शेवटी फोनमधील कोनमापक किंवा चुंबकीय कोनमापक घेऊन गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजचा (शाफ्ट जोडण्याच्या तबकडीचा), प्रोपेलर शाफ्टचा आणि डिफरेन्शियलच्या फ्लँजचा कोन नोंदवावा. या वेळी गाडीचे वजन चाकांवर असणे आवश्यक आहे. या तीन आकड्यांचा उपयोग थरथरीच्या भागात होईल.

पकड: यू-बोल्ट, सेंटर बोल्ट आणि ठोकळा

उंच केलेल्या गाडीच्या मागच्या भागातून येणारा कोणताही आवाज ऐकला की पहिली तपासणी येथे करावी, कारण येथे दोष असेल तर पुढची सर्व तपासणी फसवी ठरते.

पाट्यांचा जुडगा, ठोकळा आणि अॅक्सलवरची बैठक यांना एकत्र आवळून धरण्याचे काम यू-बोल्टचे आहे. सेंटर बोल्ट पाट्यांना ओळीत ठेवतो आणि त्याचे डोके बैठकीच्या भोकात बसून अॅक्सलची जागा ठरवते. गाडीचा जोर पेलणे हे त्याचे काम नव्हे. यू-बोल्ट सैल झाले की क्लच सोडताना आणि ब्रेक लावताना येणारा सारा जोर त्या बोटभर जाडीच्या बोल्टवर येतो. मग आधी त्याचे भोक रुंदावते, नंतर बोल्ट तुटतो आणि अॅक्सल एका बाजूने सरकतो.

माझ्या गाडीत नेमके हेच घडत होते. ठोकळा बसवताना त्याच्या दोन्ही तोंडांवरचा जाड काळा रंग खरवडलेला नव्हता. भाराखाली तो रंग हळूहळू चिरडला गेला, पापुद्रे होऊन बाहेर पडला, आणि रंगाच्या जाडीएवढी पकड सुटली. नट मात्र हाताला घट्टच लागत होता, कारण आट्यांमध्ये धूळ आणि गंज बसला होता. काकांनी बोट फिरवले तेथे बैठकीच्या कडेला दोन मिलिमीटर रुंदीची चकचकीत रेघ उमटलेली होती, आणि तिच्या खाली तांबूस भुकटी जमली होती. लोखंडावर लोखंड सरकल्याशिवाय अशी रेघ आणि अशी भुकटी तयार होत नाही. टॉर्चच्या प्रकाशात ही खूण सहज दिसते, पण त्यासाठी आधी तो भाग धुऊन कोरडा करावा लागतो, कारण माळव्याचा चिखल वाळला की सिमेंटसारखा चिकटून सारे झाकून टाकतो.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवावा. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. एकदा पूर्ण आवळले गेलेले यू-बोल्ट ताणले गेलेले असतात आणि दुसऱ्यांदा तीच पकड देत नाहीत. ठोकळ्याची आणि बैठकीची तोंडे धातू दिसेपर्यंत साफ करावीत. सेंटर बोल्टचे डोके भोकात पूर्ण बसले आहे याची डोळ्यांनी खात्री करावी, कारण ते कडेवर चढलेले असताना नट आवळले तर सर्व काही घट्ट भासते आणि पहिल्याच खड्ड्यात डोके भोकात घसरून पकड नाहीशी होते. चारही नट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे करून आवळावेत, जेणेकरून प्रत्येक नटाबाहेर आटे सारखे उरतील. अखेरचा ताण टॉर्क पान्ह्यानेच द्यावा, आणि तो गाडीच्या किंवा किटच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याएवढाच द्यावा. हवेच्या गनने अंदाजे आवळून दिलेले काम मी आता स्वीकारत नाही. शेवटी नट आणि प्लेट यांच्यावरून, तसेच पाटे, ठोकळा आणि बैठक यांच्या कडेवरून पांढऱ्या ऑइलपेंटची एक सरळ रेघ ओढावी. पुढे कधीही ती रेघ तुटलेली दिसली की काय सरकले आहे ते क्षणात कळते.

याच वेळी प्रत्येक पाट्याची कड हाताने तपासावी. तडा बहुधा सेंटर बोल्टच्या भोकापाशी किंवा यू-बोल्टच्या कडेलगत पडतो, आणि गंजाची एक आडवी बारीक रेषा ही त्याची पहिली खूण असते.

निघताना उसळी आणि चालताना थरथर

या दोन तक्रारी एकमेकींत मिसळल्या जातात, परंतु त्यांची कारणे वेगळी आहेत.

पहिल्या गिअरमध्ये जोर दिला असता मागचा भाग धडधड उड्या मारतो तेव्हा अॅक्सल पिळला जात असतो. चाके पुढे ढकलतात, त्याची प्रतिक्रिया म्हणून अॅक्सलचे नाक वर उचलले जाते, कमान इंग्रजी एस अक्षरासारखी वाकते, मग टायरची पकड सुटते आणि कमान झटक्याने सरळ होते. ठोकळा जितका उंच तितकी ही पिळवण अधिक. ती पाहण्यासाठी माणसाला गाडीजवळ बसवू नये. जुना फोन चेसिसला घट्ट बांधून, कॅमेरा अॅक्सलकडे रोखून, मोकळ्या जागेत गाडी चढावर दोनदा निघवली की चित्रणात सारे दिसते. यावर खरा उपाय म्हणजे ठोकळा काढून योग्य वक्राची कमान बसवणे. ते शक्य नसेल तर अॅक्सल आणि चेसिस यांना जोडणारा ट्रॅक्शन बार लावता येतो, मात्र तो कमानीच्या हालचालीला अडवणार नाही अशा रीतीने बसवला पाहिजे. जुन्याच पाट्यांना थंड अवस्थेत ठोकून पुन्हा कमान मारून देण्याची पद्धत स्वस्त आहे, पण असे पाटे लवकर बसतात, म्हणून भार वाहणाऱ्या गाडीसाठी मी ती सुचवणार नाही.

थरथरीचे मूळ मात्र शाफ्टच्या कोनांत असते. क्रॉस जॉइंट, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा वळू शकणारा सांधा, तिरप्या स्थितीत फिरतो तेव्हा त्याच्या पलीकडची बाजू एका फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा मंद होते. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तर हा चढउतार तेथे निवळतो. म्हणूनच साध्या, दोन क्रॉसच्या शाफ्टमध्ये गिअरबॉक्सचा फ्लँज आणि डिफरेन्शियलचा फ्लँज परस्परांना समांतर असावे लागतात, आणि त्यांतील फरक एक अंशाच्या आत ठेवणे इष्ट असते. कमानीच्या गाडीत जोर लागला की नाक थोडे वर उचलले जाते, म्हणून उभ्या स्थितीत ते एखादा अंश खाली ठेवलेले चालते. सपाट ठोकळ्याने समांतरता टिकते, फक्त दोन्ही क्रॉसचा कोन वाढतो. उतरता ठोकळा किंवा लांब शॅकल यांनी समांतरताच मोडते, आणि थरथर बहुतेक वेळा तेथूनच सुरू होते.

थरथर टायरची की शाफ्टची हे ठरवण्यासाठी थोडे गणित उपयोगी पडते. 245/70 आर16 या मापाच्या टायरचा परीघ सुमारे 2.35 मीटर असतो, म्हणजे ताशी 60 किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण 7 फेरे घेते. डिफरेन्शियलचे गुणोत्तर 4.1 धरल्यास शाफ्ट 29 फेरे घेतो आणि चुकलेल्या कोनातील क्रॉस सेकंदाला 58 झटके देतो. पहिली थरथर आसनाला हेलकावल्यासारखी जाणवते, दुसरी फरशीतून आणि गिअरच्या दांड्यातून गुणगुणल्यासारखी येते. रहदारी नसलेल्या सरळ रस्त्यावर त्याच वेगात गाडी न्यूट्रल करून वाहू द्यावी: टायरची थरथर तशीच राहते, तर कोनाची थरथर जोर सुटताच बदलते.

नाक वर-खाली करण्यासाठी कमान आणि बैठक यांच्यामध्ये पोलादी पाचर बसवतात. कमान अॅक्सलच्या वर असेल तर पाचरीची जाड बाजू मागे ठेवल्याने नाक वर जाते आणि पुढे ठेवल्याने खाली येते. कमान अॅक्सलच्या खालून जात असेल तर हेच उलटे होते. मऊ अॅल्युमिनियमची पाचर कालांतराने चेपली जाते आणि पकड पुन्हा सैल होते, त्यामुळे तिच्यावर पैसे वाचवू नयेत.

लांब व्हीलबेसच्या अनेक पिकअपमध्ये शाफ्ट दोन तुकड्यांचा असून मध्ये रबरात बसवलेले बेअरिंग असते. गाडी उंच केल्यावर मागचा तुकडा अधिक तिरपा होतो आणि स्थिर अवस्थेतून निघताना, ताशी 30 किलोमीटरच्या आतच, फरशीखाली घरघर जाणवते. येथे पाचर लावण्यापूर्वी मधल्या बेअरिंगचा कंस वॉशर घालून थोडा खाली आणून पाहावा.

शॉकअप आणि बंपस्टॉप

शॉकअपच्या अंगावर तेलाचा हलका थर असणे दोष नाही. तेलात धूळ भिजून ओला चिखल झाला असेल तर मात्र सील गेले आहे. खडबडीत रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटे चालवून दोन्ही शॉकअपना सावधपणे हात लावावा. एक गरम आणि दुसरा गार असेल तर गार असलेला काम करत नाही.

उंच गाडीत अधिक वेळा चुकते ती शॉकअपची लांबी. गाडी चाकांवर उभी असताना शॉकअपच्या वरच्या आणि खालच्या बोल्टमधील अंतर मोजावे, समजा ते 450 मिलिमीटर भरले. बंपस्टॉपपर्यंत (अॅक्सलची वरची हालचाल थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत) अॅक्सलला 90 मिलिमीटर जागा असेल तर अॅक्सल टेकेल तेव्हा, शॉकअप जवळजवळ उभा असल्यास, हे अंतर 360 उरते. शॉकअप पूर्ण मिटल्यावर 340 चा होत असेल तर 20 मिलिमीटरची सुरक्षित जागा राहते. तो 370 चा असेल तर प्रत्येक मोठ्या खड्ड्यात बंपस्टॉपऐवजी शॉकअपच आपटतो, आणि काही दिवसांत त्याचा दांडा वाकतो किंवा वरची बैठक तडकते. उलट बाजूही तपासावी: चाके लोंबती ठेवल्यावर शॉकअप पूर्ण ताणला जात असेल तर गतिरोधकावरून उतरताना येणारा ठोका त्याचाच आहे.

ठोकळ्याने उंच केलेल्या गाडीत बंपस्टॉपही तेवढाच खाली आणणे आवश्यक असते. तो तसाच ठेवला तर कमान कारखान्याने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे दबते आणि पाटे उलट्या दिशेने वाकू लागतात.

बुश, शॅकल आणि करकर

शॅकलचा खालचा भाग किंचित मागे झुकलेला असावा. ती सरळ उभी किंवा पुढे झुकलेली असेल तर कमानीला लांब होण्यास जागा राहत नाही आणि गाडी दगडासारखी ताठ वाटते. रबर बुशचे (कमानीच्या डोळ्यातील रबरी नळीचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच पूर्ण आवळावेत; चाके लोंबत असताना आवळले तर रबर कायम पिळलेले राहते, उंची चुकते आणि बुश लवकर फाटते. एका बाजूला झुकणाऱ्या कितीतरी गाड्या केवळ हे बोल्ट सैल करून, गाडी हलवून, पुन्हा आवळल्याने सरळ झालेल्या मी पाहिल्या आहेत. तरीही झुकाव राहिला तर दोन्ही कमानींची अदलाबदल करावी. झुकाव बाजू बदलतो तेव्हा दोष कमानीत असतो, तसाच राहिला तर चेसिसमध्ये किंवा पुढच्या सस्पेन्शनमध्ये शोधावा.

करकर बहुधा पाट्यांच्या टोकांशी असलेल्या प्लास्टिकच्या गाद्या झिजल्याने येते. त्या बदलाव्यात, तेथे ग्रीस भरल्यास धूळ चिकटून त्याचा सॅंडपेपर होतो.

कॉइल स्प्रिंगवरच्या घन अॅक्सलला जेथे पॅनहार्ड रॉड (अॅक्सलला आडवे सरकू न देणारा, चेसिसला जोडलेला दांडा) असतो तेथे उंची वाढवताच अॅक्सल एका बाजूला सरकतो. अशा गाडीत दोन्ही टायर आणि चेसिस यांतील अंतर मोजून रॉडची लांबी जुळवावी लागते.

ब्रेक, वायर आणि कायदा

अनेक पिकअपमध्ये अॅक्सल आणि चेसिस यांच्यातील अंतरावरून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा झडप असतो. गाडी उंच केली की ती रिकामीच आहे असे मानून हा झडप मागचा दाब कमी करतो, आणि भरलेली गाडी घाटात उतरवताना सगळा ताण पुढच्या ब्रेकवर येतो. झडपेच्या दांड्याचा कंस उंचीच्या प्रमाणात सरकवून घ्यावा आणि हे काम जाणकाराकडूनच करवून घ्यावे. चाके लोंबती ठेवून ब्रेकची नळी, एबीएसची वायर, हँडब्रेकची केबल आणि डिफरेन्शियलची हवेची नळी यांपैकी काही ताणले जात नाही ना, हेही पाहावे.

मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असे बदल गाडीत करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली आहे. म्हणून उंची वाढवण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी या दोन्हींकडे लेखी विचारणा करावी.

दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगात, त्याच भाराने गाडी चालवून नोंद करावी. मी त्यासाठी बायपासचा सपाट तुकडा आणि सिमरोलच्या पुढचा भेरूघाट वापरतो, कारण एकात थरथर कळते आणि दुसऱ्यात पकड. पहिल्या 100 किलोमीटरनंतर आणि पुन्हा 500 किलोमीटरनंतर यू-बोल्ट टॉर्क पान्ह्याने तपासावेत, तसेच पांढरी रेघ अखंड आहे का ते पाहावे. त्यानंतर दर पावसाळ्याच्या अखेरीस चिखल धुऊन हीच तपासणी पुन्हा करावी. माझ्या गाडीवरची रेघ आता दोन पावसाळ्यांनंतरही जशीच्या तशी आहे, आणि जामघाट चढताना मागून काही ऐकू येत नाही.